अर्ज नेमका अडतो कुठे?

आपल्या हॉस्टेलमध्ये पंखा बंद पडला की रेक्टरांच्या टेबलावरच्या रजिस्टरमध्ये तक्रार लिहायची आणि मग रोज विचारायचं, "सर, माझ्या पंख्याचं काय झालं?" पंखा दुरुस्त व्हायला दहा मिनिटं लागतात, पण तक्रार वायरमनपर्यंत पोहोचायला आठ दिवस. फायनल इयरच्या प्रोजेक्टसाठी आम्ही तिघे जालन्यातल्या एका खासगी रुग्णालयात गेलो, तेव्हा तिथेही हाच आजार दिसला.

जालन्यात ९ ऑक्टोबर २०२४ रोजी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं उद्घाटन झालं. आम्ही गेलो ते रुग्णालयही खाटा वाढवत होतं. खाटा वाढल्या की माणसं लागतात आणि माणसं आली की कागद येतात. एका नवीन सिस्टरचे कागद मोजले: अर्ज, गुणपत्रिका, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी, आधार, बँक पासबुक, पीएफचा यूएएन नंबर, लसीकरणाची नोंद. शेवटचा कागद उगाच नाही. जैववैद्यकीय कचरा हाताळणाऱ्यांना हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस द्यायची, रुजू होतानाच प्रशिक्षण द्यायचं, असं २०१६ चे नियम सांगतात.

आम्ही उत्साहात ऑनलाइन फॉर्म बनवला आणि सगळे रकाने सक्तीचे केले. एक कागद राहिला तरी 'सबमिट' दाबलं जात नसे. आम्हाला वाटलं, काय कडक सिस्टिम झाली! पण ऑफिसमधल्या क्लार्कना काम उरकायचं होतं. जो कागद नसेल तिथे ते कोऱ्या कागदाचा फोटो टाकू लागले. सिस्टिमने हिरवी टिक दिली आणि 'रुजू व्हा' असा मेसेज आपोआप गेला.

परतूरकडच्या एक ताई तो मेसेज पाहून जुनी नोकरी सोडून आल्या. आयसीयूची ड्यूटी लावताना मेट्रननी मूळ कागद मागितले, तेव्हा कळलं की नोंदणीची मुदत संपली होती आणि नूतनीकरण अजून हातात नव्हतं. ही नोंदणी दर पाच वर्षांनी नूतनीकृत करावी लागते. रुजू होणं लांबलं. खोलीचं डिपॉझिट भरलेलं, पगार सुरू नाही. "मेसेज आला म्हणून आले ना मी," एवढंच त्या म्हणाल्या. आम्हा तिघांना मान वर करवेना.

त्यानंतर आम्ही कॉम्प्युटर बंद केला आणि कागद-पेन घेऊन बसलो. जे शिकलो ते असं:

१) अवस्था ठरवा. 'आला', 'तपासला', 'मंजूर', 'पूर्ण' अशा अवस्था असाव्यात. प्रत्येक अवस्थेत अर्ज कोणाच्या टेबलावर आहे, ते अर्जदाराला दिसलं पाहिजे.

२) अटी दोन प्रकारच्या असतात. नोंदणीशिवाय रुग्णाजवळ पाठवायचं नाही, ही अडवणारी अट. पासबुक मात्र चार दिवसांनी आलं तरी चालतं. १९६२ मध्ये जर्मनीत कार्ल पेट्री यांनी आपल्या प्रबंधात मांडलेल्या 'पेट्री नेट'मध्ये हेच आहे: आधीच्या प्रत्येक जागी टोकन आल्याशिवाय पुढची क्रिया घडत नाही. कोणती टोकनं खरोखर हवीत, हे मात्र माणसानेच ठरवायचं.

३) तारीख ही माहिती आहे. नुसता फोटो पुरत नाही. मुदत संपण्याची तारीख वेगळ्या रकान्यात घ्या, म्हणजे आठवण आधीच जाईल.

४) घड्याळ लावा. दोन दिवसांत कोणी अर्ज उघडला नाही, तर तो वरच्या माणसाकडे जावा.

५) शेवटची सही माणसाची. मूळ कागद कोणी, कधी पाहिला याची नोंद राहावी. आणि लसीकरणासारखी खासगी माहिती गरज असेल त्यालाच दिसावी.

मग याच साच्यात रजा, सलाइन स्टँडची दुरुस्ती, चादरींची मागणी असे अंतर्गत अर्जही बसवले. नवा प्रोग्राम पहिल्यापेक्षा लहान झाला! ताई नूतनीकरण झाल्यावर रुजू झाल्या, पण मधल्या दिवसांचा पगार आमच्या कोणत्याच प्रोग्रामने भरून दिला नाही.

मित्रांनो, वाईट पद्धत ऑटोमॅटिक केली की चूक फक्त जास्त वेगाने होते. म्हणून कोड लिहिण्याआधी त्या टेबलाशेजारी दोन दिवस बसा, क्लार्ककाकांचा चहा प्या आणि कागद कुठे थांबतो ते पाहा. सुरुवात हॉस्टेलच्या रजिस्टरपासून करायला हरकत नाही. रेक्टर सरांची परवानगी तेवढी घ्या!