पेशंटसमोर न येणारा डॉक्टर

शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयातली ओपीडीची गर्दी पाहिलेल्या आईवडिलांना डॉक्टर म्हटलं की स्टेथोस्कोपच आठवतो. मग एमबीबीएस करणारी मुलगी ‘मला पॅथॉलॉजी घ्यायचीय’ म्हणाली की घोर लागतो. पेशंटच नाहीत, तर नाव कसं होणार? जन्मभर रक्त-लघवीच तपासणार का?

या पालकांना मी एक स्लाइड समजावून सांगते. लठ्ठपणावरच्या बायपास शस्त्रक्रियेत कधी कधी लहान आतड्याचा छोटा तुकडा लॅबमध्ये येतो. आतड्याच्या अस्तरात लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी थोड्या असतातच. दर 100 अस्तरपेशींमागे त्या 25 हून जास्त दिसल्या, तर वाढल्या असं साधारण धरतात. पण हा आकडा ड्युओडेनमच्या, म्हणजे लहान आतड्याच्या पहिल्या भागाच्या, बायोप्सीवरून ठरलेला, आणि बायपासमधला तुकडा बहुधा त्यापुढच्या जेजुनमचा. खरी परीक्षा इथेच सुरू होते. पुस्तकातलं पहिलं उत्तर सीलिअॅक, म्हणजे गव्हातल्या ग्लुटेनमुळे होणारा आजार. पण हेलिकोबॅक्टर या जंतूचा संसर्ग किंवा काही वेदनाशामक गोळ्यांमुळेही या पेशी वाढतात. शिवाय लठ्ठ माणसांच्या जेजुनममध्ये त्या मुळातच जास्त आढळतात, हे फ्रेंच संशोधकांनी 2015 मध्ये दाखवलं.

घाईने सीलिअॅक लिहिलं, तर आधीच मोजकं खाणाऱ्या माणसाची चपाती विनाकारण बंद होईल. काहीच लिहिलं नाही आणि आजार खरा निघाला, तर पुढचा अॅनिमिया सगळे शस्त्रक्रियेच्याच माथी मारतील. म्हणून चांगला पॅथॉलॉजिस्ट विलाय, म्हणजे अस्तराचे बोटांसारखे उंचवटे, शाबूत आहेत का पाहतो, पेशंटची औषधं विचारतो, टीटीजी ही सीलिअॅकसाठीची रक्तचाचणी सुचवतो आणि जेवढं दिसलं तेवढंच लिहितो. त्या दोन ओळींवर सर्जन पुढचं ठरवतो. याला दुय्यम काम म्हणणं मला पटत नाही. डॉ. वसंत खानोलकरांसारखा माणूस इथे परळलाच, जी. एस. मेडिकल आणि टाटा रुग्णालयात, हेच काम करत मोठा झाला.

वाट मात्र लांब आहे: नीट, साडेचार वर्षं एमबीबीएस, वर्षभर इंटर्नशिप, नीट-पीजी, मग तीन वर्षं एमडी. पॅथॉलॉजी हा विषय एमबीबीएसच्या दुसऱ्या टप्प्यात येतो. तेव्हा मुलगी स्लाइडपाशी रमते का, ते पाहा. एमबीबीएस जमलं नाही, तर मेडिकल लॅब टेक्नॉलॉजीचा पदवी अभ्यासक्रम आहे. हिस्टोपॅथॉलॉजीत, म्हणजे असे तुकडे तपासण्याच्या कामात, मेणाच्या ब्लॉकमधून काही मायक्रॉनचा काप काढणारा टेक्निशियन लागतोच. काप बिघडला तर पेशी कोण मोजणार?