गॅस गेला कुठे?

"ताई, एसीतला गॅस संपलाय. 2,800 रुपये होतील," मेकॅनिक म्हणाला. नागपूरचा एप्रिल, आतल्या खोलीत सासूबाई आजारी, मी लगेच हो म्हटलं. पुढच्या एप्रिलला तेच वाक्य, तेवढेच पैसे. त्यानंतर दीड महिन्यातच खोली पुन्हा गार होईना, तेव्हा शेजाऱ्यांनी ओळखीचे एक जुने मेकॅनिक पाठवले.

काकांनी सिलिंडरला हातच लावला नाही. बाहेरच्या युनिटजवळ बसले, तांब्याची नळी जिथे नटाने जोडलेली असते तिथे बोट फिरवून मला दाखवलं. बोटावर काळी तेलकट धूळ. साबणाचा फेस लावला, तर नटाच्या कडेला बारीक बुडबुडे एकामागून एक फुगू लागले. "गॅससोबत कॉम्प्रेसरचं तेलही झिरपतं, त्यावर धूळ बसते. फ्रीजमध्ये दरवर्षी गॅस भरता का तुम्ही?"

नाहीच भरत. एसीतही गॅस बंद नळीतून फिरत राहतो, तो वापरून संपत नाही. कमी झाला म्हणजे कुठून तरी गेला. गळती न शोधता गॅस भरून घेऊ नका, हे मी आता भेटेल त्याला सांगते.

मेकॅनिकला बोलावण्याआधी आतल्या युनिटची जाळी धुवा. जाळी किंवा कॉइल तुंबली की नळीवर बर्फ धरतो, गेजवर दाबही कमी दिसतो आणि गॅस पुरेसा असूनही कमी ठरतो. बाहेरचं युनिट नुसतं घूं करून बंद पडत असेल, तर "कॉम्प्रेसर गेला" हे ऐकण्याआधी कपॅसिटर तपासायला लावा. तो काहीशे रुपयांत येतो. मात्र स्वतः उघडू नका, वीज बंद केल्यावरही त्यात चार्ज राहतो. कॉम्प्रेसरची 10 वर्षांची वॉरंटी असली तरी गॅस आणि मजुरीचे पैसे बहुधा आपल्यालाच भरावे लागतात. कार्ड नीट वाचा.

काकांनी नळीचं तोंड कापून नव्याने फ्लेअर केलं, नायट्रोजनने दाब तपासला, पंपाने व्हॅक्यूम केलं. मग युनिटच्या पट्टीवर छापलेल्या ग्रॅमइतकाच आर-32 गॅस काट्यावर वजन करून भरला. तो आकडा आणि तारीख त्यांनी मार्करने झाकणाच्या आतल्या बाजूला लिहिली. त्यानंतर दोन उन्हाळे गेले, त्याखाली दुसरी तारीख पडलेली नाही.