कातडीची भिंत व औषधाची वाट

पावसाळ्यांत अंधेरीच्या सखल रस्त्यांवर पाणी तुंबलें, कीं मुलें त्यांतूनच शाळेस येतात. तरी तें पाणी कातडींतून अंगांत शिरत नाहीं. कातडीचा सर्वांत वरचा थर मिलिमीटराच्या सुमारें पन्नासाव्या भागाएवढा पातळ. त्यांत मृत पेशी विटांप्रमाणें रचिलेल्या असून सेरामाइड, कोलेस्टेरॉल व मेदाम्लें हीं स्निग्ध द्रव्यें म्हणजे त्यांमधील चुना होय.

हाच चुना औषधासहि अडवितो. सुमारें 500 डाल्टनांहून मोठा रेणू सहसा आंत जात नाहीं, आणि इन्शुलिनाचा रेणू तर सुमारें 5,800 डाल्टनांचा! मधुमेही बालकास मलम चोळून भागत नाहीं, सुई टोंचून घ्यावी लागते, तें यामुळेंच.

नवें औषध पारखण्यास मानवी कातडी पुरेशी मिळत नाहीं. उंदराची कातडी अधिक पाझरते. यास्तव प्रयोगशाळेंत वरील तीन द्रव्यांचा पातळ लेप सच्छिद्र पडद्यावर देतात, आणि एका बाजूचें औषध दुसऱ्या बाजूस किती उतरलें तें मोजितात. पुण्यास टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसच्या संशोधकांनीं असा थर संगणकांत उभारून, द्रव्यांचें प्रमाण व उष्णता बदलल्यास त्याची रचना कशी पालटते, याचा अभ्यास 2015 सालीं प्रसिद्ध केला. आम्हांस मात्र लेपाचा प्रयोग अधिक भावतो. त्यांत पाझर प्रत्यक्ष मोजतां येतो.

लेपांत आंखूड सांखळ्यांचीं मेदाम्लें घातलीं, तर तो अधिक पाझरतो. इसब झालेल्या कातडींत अशाच आंखूड सांखळ्या जास्त आढळतात. आणि अशा मुलास लाविलेलें मलम निरोगी कातडीपेक्षां अधिक आंत उतरतें.