सहीपूर्वी शब्दार्थ

जयपूरच्या विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्रातील लघुउद्योजकाचा रोजचा व्यवहार हिंदीत, आपल्याकडील उद्योजकाचा मराठीत; कर्जाचा करार मात्र बहुधा इंग्रजीत असतो. त्यातील काही शब्द सहीपूर्वी समजून घ्यावेत.

हायपोथिकेशन : नजरगहाण. यंत्रे, कच्चा माल कर्जदाराच्याच ताब्यात राहतात. त्यांवर बोजा बँकेचा.

प्लेज : वस्तूचा ताबाच बँकेकडे जातो. उदा. सोनेतारण.

मॉर्गेज : जमीन, इमारत अशा स्थावर मालमत्तेचे गहाण.

जॉइंटली अँड सेव्हरली : ‘सेव्हरल’ म्हणजे अनेक, ‘सेव्हरली’ म्हणजे मात्र प्रत्येकी स्वतंत्रपणे. सही करणाऱ्यांपैकी कोणा एकाकडूनही संपूर्ण रक्कम मागता येते.

को-एक्स्टेन्सिव्ह : समव्याप्त. भारतीय करार कायदा, १८७२, कलम १२८ नुसार, करारात वेगळी तरतूद नसल्यास जामीनदाराचे दायित्व कर्जदाराइतकेच असते. ‘नावापुरता जामीन’ कायद्याला ठाऊक नाही.