जुलै नेमका कोणता?

कोकणातल्या एका केंद्राच्या 1991 ते 2020 या काळातल्या रोजच्या पावसाचा तक्ता तपासायला माझ्याकडे आला होता. जुलैसमोर आकडा होता पंचवीस हजार मिलिमीटरच्या वर. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिमी पडला, तर मुंबई बुडाली. मग पंचवीस हजार आले कुठून? पायथनच्या पांडाज लायब्ररीत गट पाडणाऱ्या ग्रुपबायला नुसता महिन्याचा क्रमांक दिला होता, म्हणून तीस वर्षांचे सगळे जुलै एकाच पोत्यात भरले गेले.

पांडाजमधलंच रिसॅम्पल तसं करत नाही. ते कॅलेंडर धरून चालतं आणि तीस वर्षांच्या 360 ओळी देतं. ‘यंदाचा जुलै’ हवा असेल तर रिसॅम्पल, ‘एरवीचा जुलै’ हवा असेल तर ग्रुपबाय. पण एरवीच्या जुलैसाठी बेरजेच्या जागी सरासरी टाकून भागत नाही, त्यातून जुलैतल्या एका दिवसाची सरासरी मिळते. आधी रिसॅम्पलने दर महिन्याची बेरीज करा, मग त्या बेरजांवर महिन्यानुसार ग्रुपबाय लावून सरासरी काढा.

पंचवीस हजार निदान डोळ्यांत खुपतात. मला खरी धास्ती वाटते ती शून्याची. पर्जन्यमापक महिनाभर बंद असला तरी रिसॅम्पल त्या महिन्याची ओळ तयार करतं आणि बेरीज शून्य दाखवतं. दुष्काळी तालुक्यात कोरडा ऑगस्ट कुणालाच खटकणार नाही, आणि त्या आकड्यावर कुणाची तरी नुकसानभरपाई ठरू शकते. म्हणून बेरजेत मिन-काउंट 1 द्या, म्हणजे शून्याऐवजी ‘नोंद नाही’ असं येईल. तेवढ्यावरही थांबू नका. महिन्यात एकाच दिवसाची नोंद असली तरी बेरीज दिसतेच, तेव्हा किती दिवसांच्या नोंदी आहेत तो रकाना शेजारी ठेवाच. उलट वर्ष आणि महिना दोन्ही देऊन ग्रुपबाय केलंत, तर रिकामा महिना गायब होतो आणि मागच्या महिन्याशी तुलना करताना सप्टेंबर थेट जुलैशी जोडला जातो.

आणखी एक. हवामान खात्याची 1 जुलैची नोंद सकाळी साडेआठला संपणाऱ्या चोवीस तासांची असते, म्हणजे त्यातला बराचसा पाऊस 30 जूनचा. खात्याच्या आकड्यांशी ताळा घ्यायचा असेल तर तारखा हलवू नका.

जुना कोड चालवताना पांडाज 2.2 मध्ये इशारा दिसेल: रिसॅम्पलमध्ये महिनाअखेरीसाठी ‘एम’ऐवजी आता ‘एमई’ लिहायचं.