आजचं चिंतन: टू-एक्स वर चाललेलं मन



आजचा श्लोक गीतेच्या सहाव्या अध्यायातला, २५ वा. भगवंत सांगतात, धीर धरलेल्या बुद्धीने मनाला हळूहळू शांत करावं, आत्म्यात स्थिर करावं आणि मग दुसरा काहीच विचार करू नये. 'हळूहळू' या अर्थाचा शब्द या श्लोकात लागोपाठ दोनदा येतो. वाचताना मी तिथेच अडकलो, कारण माझं सगळं काम उलट चाललंय.

मी वेबसिरीज दीडपट स्पीडने बघतो. ४५ मिनिटांचा एपिसोड ३० मिनिटांत संपतो. दहा एपिसोडचा सीझन असेल तर अडीच तास वाचले. हिशोब बरोबर आहे. पण त्या अडीच तासांत मी काय केलं? पुढचा सीझन लावला!

तिथपर्यंत ठीक होतं. मग कीर्तनं पण टू-एक्स वर ऐकायला लागलो. आवाज चिरका होत नाही, कारण सॉफ्टवेअर आवाजाचे बारीक बारीक तुकडे करून ते एकमेकांवर सरकवतं. शब्द सगळे कळतात. पण महाराज नामघोषानंतर क्षणभर थांबतात ना, ती शांतता निम्मी होते. आणि खरं सांगू? पुढे पुढे मला ती शांतता बफरिंगसारखी वाटायला लागली.

गेल्या आठवड्यात गंगाखेडहून आजीचा फोन आला. ती सावकाश बोलते, मध्येच थांबते. गुडघे, शेजारच्यांची म्हैस, पाऊस... मी दोन वेळा तिचं वाक्य मीच पूर्ण केलं. मग म्हणालो, "बरं, पुढं काय झालं आजी?"

ती म्हणाली, "पुढं काही न्हाई रे बाळा. तुझ्याशी बोलावं वाटलं, म्हणून लावला फोन."

मी गप्पच झालो. मी त्या फोनमध्ये माहिती शोधत होतो. तिला फक्त माझी सोबत हवी होती.

आमचं गंगाखेड म्हणजे संत जनाबाईंचं जन्मगाव, गोदावरीकाठचं. पुढे त्या पंढरपूरला नामदेवरायांच्या घरी राहिल्या, दळण-कांडण करत राहिल्या. विठ्ठल त्यांच्यासोबत जात्यावर दळायला बसायचा, ही कथा आपण सगळ्यांनी लहानपणापासून ऐकलीय. पण यातली एक गोष्ट माझ्या आत्ता लक्षात आली. देवाच्या मनात आलं असतं तर सगळ्या धान्याचं एका क्षणात पीठ झालं असतं. पण कथेतला देव तसं करत नाही. तो जनाबाईंच्या समोर बसतो, खुंट्याला हात लावतो आणि त्यांच्याच गतीने जातं ओढतो. काम लवकर उरकून देण्यापेक्षा त्याला जनीजवळ बसणं जास्त मोलाचं वाटलं.

आजी जात्याबद्दल सांगायची, घाईने मोठा घास टाकला की पीठ भरड निघतं. भरड पिठाची भाकरी थापताना चिरते. दळण लवकर झालं, पण भाकरी गेली.

आता कुणी म्हणेल, स्पीड वाढवणं पाप आहे का? मुळीच नाही. ऑफिसचं ट्रेनिंग, कोडिंगचं ट्युटोरियल मी अजूनही दीडपटच बघतो. माहिती लवकर घेता येते. नाम, कीर्तन, आईचं बोलणं या गोष्टी मात्र माहिती म्हणून घ्यायच्या नसतात. तिथे आपण बसणं हीच सेवा. आणि मन काही आपल्याला विचारून सवय लावून घेत नाही. सिरीजसाठी लावलेली घाई ते जपाच्या माळेवरही घेऊन येतं. म्हणून तर भगवंत लगेच पुढच्याच श्लोकात म्हणतात, मन जिथे जिथे पळेल तिथून तिथून त्याला परत आणा. हे काम एका दिवसात होणारं नाही, हे त्यांना माहीत आहे.

आजचा अभ्यास
१. आज हरिपाठ साध्या गतीने म्हणा. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा.
२. घरच्या एका वडीलधाऱ्या माणसाला फोन करा. ते थांबले तर तुम्हीही थांबा. त्यांचं वाक्य त्यांनाच पूर्ण करू द्या.

मी काल आजीला परत फोन लावला. म्हशीची गोष्ट पूर्ण ऐकली. २२ मिनिटं लागली. शेवटी आजीच म्हणाली, "बरं, ठेव आता, तुला कामं असतील."

राम कृष्ण हरी 🙏