जुनी गाडी, नवी वही

बैलबाजारात बैल घ्यायला गेलेला शेतकरी काय करतो, हे तुम्हांला आम्ही सांगायला नको. तो बैलाचे दात पाहतो. खूर पाहतो. खांद्यावरून हात फिरवतो. चार पावले चालवून पाहतो. मगच पैसे मोजतो. बैल घरी आणल्यावरही त्याला लगेच नांगराला जुंपत नाही. त्याला चारापाणी करतो, त्याची खोड ओळखतो, हलके काम देऊन पाहतो.

जुनी मोटारगाडी घेणाऱ्याने असेच वागले पाहिजे. पण होते उलटेच. गाडी दारात आली की तिला हार घालतात, नारळ फोडतात, आणि दुसऱ्याच दिवशी आठ माणसे बसवून रामटेकच्या गडाला निघतात! इंजिनातले ऑइल कधी बदलले, पट्टा किती जुना आहे, हे कोणी विचारीत नाही.

आमच्या पारशिवनी तालुक्यात जुन्या डिझेल गाड्या पुष्कळ. मागे लांब जागा असलेली, माणसे आणि सामान दोन्ही नेणारी गाडी शेतकऱ्याला सोयीची पडते. टाटांची 'इस्टेट' १९९२ साली निघाली, सुमो १९९४ साली. महिंद्रांची बोलेरो २००० साली आली, टाटांची इंडिगो मरिना २००४ साली. बोलेरो सोडली तर यांतल्या गाड्या आता नव्या मिळत नाहीत. जुन्या मात्र या हातातून त्या हातात जातात. अशी गाडी घेतल्यावर पहिल्या महिन्यात काय करावे, तेच या पाठात पाहू.

डिझेल इंजिन चालते कसे?

सायकलीत हवा भरताना पंपाचे बूड गरम होते, हे तुम्ही पाहिले असेल. हवा दाबली की तापते. डिझेल इंजिनाचे सारे मर्म एवढेच आहे. रुडॉल्फ डिझेल नावाच्या जर्मन इंजिनिअरने याच तत्त्वावर इंजिन तयार केले. १८९७ साली ते चांगले चालू लागले. त्याचेच नाव इंजिनाला आणि तेलाला मिळाले. विहिरीवरचे पाणी ओढणारे डिझेल इंजिन याच जातीचे.

इंजिनातला दट्ट्या, म्हणजे पिस्टन, हवा इतकी दाबतो की ती लालबुंद तव्यासारखी तापते. त्या हवेत डिझेलचा बारीक फवारा मारला की तो आपोआप पेटतो. पेट्रोलच्या इंजिनाप्रमाणे ठिणगी पाडणारा प्लग येथे लागत नाही. फवारा मारणारी छिद्रे केसासारखी बारीक असतात. त्यांत कचरा किंवा पाणी गेले की काम बिघडते. म्हणून डिझेल इंजिनाला तीन गोष्टी स्वच्छ लागतात : हवा, डिझेल आणि ऑइल.

पहिला नियम

बैलाचे दात वय सांगतात. गाडीचा किलोमीटरचा आकडा मात्र मागे फिरवलेला असू शकतो. विकणारा म्हणेल, "परवाच सर्व्हिसिंग केली." त्याच्याजवळ पावती असेल तर ठीक. नसेल तर ते काम झालेच नाही, असे समजून चालावे. यात कोणाचा अपमान नाही. ज्याची नोंद नाही, त्याचा भरवसा नाही.

म्हणून आमचा नियम असा : गाडी घेतली तो दिवस पहिला दिवस. जी वस्तू स्वस्त आहे आणि महाग वस्तूला सांभाळते, ती आधी बदलावी. फिल्टरची किंमत शेकड्यांत असते. डिझेल पंपाची आणि इंजिनाची हजारांत. तहान लागल्यावर विहीर खणू नये.

एक : इंजिन ऑइल

जुने ऑइल काढून नवे टाकावे. त्याबरोबर ऑइल फिल्टरही बदलावा. कोणत्या जातीचे ऑइल आणि किती लिटर, हे कंपनीच्या पुस्तकात लिहिलेले असते. ऑइलच्या डब्यावरचे आकडे पुस्तकातल्या आकड्यांशी ताडून पाहावेत. दुकानदार म्हणतो म्हणून घेऊ नये.

डिझेल गाडीचे ऑइल लवकर काळे होते. नुसते काळे झाले म्हणून घाबरू नये. पण ताकासारखे पांढुरके दिसले तर त्यात पाणी गेले आहे, असे समजावे. मग गाडी चालू करू नये, मिस्त्रीला घरी बोलवावे. दर आठवड्याला सकाळी, गाडी सपाट जागी उभी असताना, ऑइलची पट्टी ओढून पाहावी. पट्टीवर दोन खुणा असतात. ऑइल त्या दोहोंच्या मध्ये हवे.

काढलेले ऑइल नालीत किंवा वावरात ओतू नये. आपल्या तालुक्यातील नवेगाव खैरीच्या धरणाचे पाणी नागपूर शहर पिते. जुने ऑइल डब्यात भरून गॅरेजवाल्याला द्यावे.

दोन : डिझेल फिल्टर आणि पाणी

डिझेल पाण्यापेक्षा हलके आहे. म्हणून डिझेलमध्ये शिरलेले पाणी तळाशी बसते. पुष्कळ गाड्यांच्या डिझेल फिल्टरखाली एक लहान तोटी असते. ती सैल करून थोडे डिझेल काचेच्या बरणीत घ्यावे आणि थोडा वेळ ठेवावे. खाली पाण्याचा थर दिसला तर पाणी जाऊन निव्वळ डिझेल येईपर्यंत काढावे. पावसाळ्यात ही तपासणी विसरू नये. पाण्याने पंप आतून गंजतो.

फिल्टर बदलल्यावर आत हवा राहते. विहिरीवरचे इंजिन हवा घेते तेव्हा काय करावे लागते, ते तुम्हांला ठाऊक आहे. येथेही तेच. हवा काढून टाकली नाही तर गाडी चालू होत नाही. काही जण डिझेलमध्ये रॉकेल मिसळतात. ते करू नये. पंपाला वंगण डिझेलचेच असते. रॉकेल पातळ, त्याने पंप झिजतो.

तीन : हवेचा फिल्टर

रेतीच्या ट्रकांमागून आणि कच्च्या रस्त्याने गाडी चालली की फिल्टरवर धुळीचा थर बसतो. धूळ म्हणजे बारीक दगडच. ती इंजिनात गेली तर आतल्या भिंती घासून काढते. कागदी फिल्टर पाण्याने धुऊ नये. फार मळला असेल तर नवा बसवावा.

चार : थंड ठेवणारे पाणी

नागपूर भागात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. त्या उन्हात रेडिएटर नीट नसेल तर इंजिन तापून बसते. विहिरीच्या पाण्याने पातेल्याला आतून पांढरा थर धरतो ना? तोच थर रेडिएटरच्या नळ्यांत बसतो. म्हणून जुने पाणी काढून, आतून धुऊन, पुस्तकात सांगितलेले कूलंट सांगितलेल्या प्रमाणात भरावे. रबरी नळ्या दाबून पाहाव्यात. चिरलेली किंवा फुगलेली नळी बदलावी.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. गरम इंजिनाच्या रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये. आतले उकळते पाणी तोंडावर उडते. इंजिन पूर्ण निवू द्यावे.

पाच : टायमिंग पट्टा

इंजिनात दट्ट्या वरखाली होतो आणि झडपा उघडतात, मिटतात. दोघांची वेळ जुळवून ठेवण्याचे काम काही इंजिनांत रबरी दातांच्या पट्ट्याकडे असते. काहींत साखळी असते. आपल्या गाडीत काय आहे, ते मिस्त्रीला विचारावे. पट्टा असेल तर तो किती किलोमीटरला किंवा किती वर्षांनी बदलायचा, हे पुस्तकात दिलेले असते. दोहोंपैकी जे आधी येईल ते धरावे. रबर उभ्या गाडीतही म्हातारे होते.

हा पट्टा तुटण्याआधी बहुधा आवाज देत नाही, खूण देत नाही. तुटला की दट्ट्या झडपांवर आदळू शकतो आणि इंजिन उघडावे लागते.

समजा, तिघा भावांनी मिळून अशी गाडी घेतली. निम्मे पैसे साठवलेले, निम्मे सोसायटीचे कर्ज. मिस्त्री म्हणाला, "पट्टा बदला." भाऊ म्हणाले, "दिवाळीनंतर पाहू." आणि एका रात्री धाकट्याच्या बायकोला कळा सुरू झाल्या. पारशिवनीहून नागपूर सुमारे ४० किलोमीटर. अर्ध्या वाटेत पट्टा तुटला. इंजिनाच्या दुरुस्तीचा खर्च पट्ट्याच्या कितीतरी पट. तो कर्ज काढून भरता येईल. पण अंधारात रस्त्याच्या कडेला थांबलेल्या त्या बाईचा एक तास कोण भरून देणार?

म्हणून जुन्या गाडीच्या पट्ट्याची पावती नसेल तर तो प्रथम बदलावा. हार-नारळ नंतर.

सहा : ब्रेक आणि टायर

ब्रेकचे तेल हवेतली ओल शोषते. ओल शिरलेले तेल लांब उतारावर तापले की ब्रेक आत जातो, पण गाडी थांबत नाही. हे तेल साधारण दोन वर्षांनी बदलावे. जुन्या गाडीत लगेच बदलावे.

टायरच्या बाजूवर चार इंग्रजी आकडे एका लांबट चौकटीत असतात. ते वाचायला शिका. '२३१९' असे असेल तर तो टायर २०१९ सालच्या २३व्या आठवड्यात तयार झाला. म्हणजे टायरची जन्मतारीखच! नक्षी भरपूर दिसली तरी कडेला भेगा पडलेला म्हातारा टायर उन्हात फुटू शकतो. पाचवा टायर, म्हणजे स्टेपनी, तोही तपासावा.

आणखी एक. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणी शिरू नये. जॅक घसरतो. खाली मजबूत घोडी लावावी.

धूर काय सांगतो?

वैद्य जीभ पाहतो, तसा मालकाने धूर पाहावा. काळा धूर फार येत असेल तर हवा कमी पडते किंवा डिझेल जास्त जाते. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जळते. पांढरा धूर सुरूच राहिला तर डिझेल न जळता बाहेर पडते, किंवा आत पाणी जाते. थंडीच्या सकाळी थोडा पांढरा धूर येऊन थांबला तर चिंता नको. पुष्कळ गाड्यांत चावी फिरवल्यावर वेटोळ्यासारखा पिवळा दिवा लागतो. तो विझेपर्यंत थांबून मगच गाडी चालू करावी. टर्बो असलेली गाडी लांबून आल्यावर लगेच बंद करू नये. मिनिटभर तशीच चालू ठेवावी.

गाडीची वही

आता मुख्य गोष्ट. एक शंभर पानी वही घ्या. तिच्यात पाच रकाने आखा : तारीख, किलोमीटर, केलेले काम, खर्च, पुढचे काम कधी. प्रत्येक काम झाले की त्याच दिवशी लिहा. पावती वहीतच चिकटवा.

समजा, ८६,४०० किलोमीटरला ऑइल बदलले. पुस्तकात दर १०,००० किलोमीटरला किंवा वर्षाने बदला, असे लिहिले आहे. तर पुढची पाळी ९६,४०० किलोमीटरला, किंवा वर्ष भरेल त्या दिवशी. लिहिले नाही तर सहा महिन्यांनी हा आकडा कोणाच्याच डोक्यात राहणार नाही.

डिझेलचा हिशेबही ठेवा. टाकी पूर्ण भरली तेव्हा आकडा ८६,४०० होता. पुन्हा पूर्ण भरली तेव्हा ८६,८८०, आणि ३२ लिटर डिझेल बसले. गाडी ४८० किलोमीटर चालली. ४८० ला ३२ ने भागा. लिटरला १५ किलोमीटर. पुढे हाच आकडा १२ वर आला तर गाडी आजारी पडते आहे, असे समजा. माणसाचे वजन घटावे, तसेच हे. गाडी रस्त्यात थांबण्याच्या आधीच वहीने तुम्हांला सावध केले!

वहीच्या पहिल्या पानावर कागदांच्या तारखा लिहा : विमा कधी संपतो, धुराची चाचणी कधी संपते, नोंदणी कधीपर्यंत आहे. गाडी आपल्या नावावर करून घ्यायला उशीर करू नका. कायद्याने विकत घेणाऱ्याने तीस दिवसांच्या आत आर.टी.ओ. कार्यालयाला कळवायचे असते. नोंदणी पुस्तकातला चेसिस नंबर गाडीवरच्या नंबराशी एकेक अक्षर जुळवून पाहा.

बंधुभगिनींनो, काही जण विचारतात, "या वयात लिहायला-वाचायला शिकून काय करायचे?" आम्ही म्हणतो, ऑइलच्या डब्यावरचे नाव वाचा. टायरची जन्मतारीख वाचा. आपल्या वहीत आपल्या हाताने आकडा लिहा. मिस्त्री भला माणूस असेल, पण त्याला शंभर गाड्या आहेत. तुम्हांला एकच आहे. तिची आठवण तुमच्याच वहीने ठेवायची आहे.

उजळणी

१. डिझेल इंजिनात ठिणगीचा प्लग का लागत नाही?
२. डिझेल फिल्टरमधील पाणी तळाशी का बसते?
३. वहीत ९२,५०० किलोमीटरला ऑइल बदलल्याची नोंद आहे. दर १०,००० किलोमीटरला बदलायचे असेल, तर पुढची पाळी केव्हा?
४. टायरवर '३५१८' असे आकडे आहेत. तो कोणत्या साली तयार झाला?
५. ५१० किलोमीटरला ३४ लिटर डिझेल लागले. लिटरला किती किलोमीटर?

करून पाहा : घरच्या किंवा शेजारच्या गाडीसाठी पाच रकान्यांची वही आखा. गाडीचा आजचा किलोमीटरचा आकडा वाचून पहिल्या ओळीत तारखेसह लिहा. घरात गाडी नसेल तर विहिरीवरच्या इंजिनासाठी अशीच वही करा.